उद्याची जोडणी

"एकच दिवस थांबा. उद्या जोडा, आज नको," ती फोनवर म्हणाली.

"महिनाभर तूच तर मागे लागली होतीस," केंद्रप्रमुख म्हणाले.

"तेव्हा आईच्या ऑपरेशनची आजची तारीख ठरली नव्हती. हॉस्पिटल आपल्याच लाइनवर येतं, साहेब."

"बघतो," ते म्हणाले.

तिला हायसं वाटलं. ती खाली जाऊन औषधं घेऊन आली, तोवर आईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. आईच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेशही नव्हता. उलट लेकीचाच हात थोपटून ती आत गेली.

"तुझा स्वतःच्या यंत्रावर भरवसा नाही?" बाकावर शेजारी बसत भावानं विचारलं.

"आहे. पण आईला पणाला लावण्याइतका नाही."

सूर्याच्या पोटात जे चालतं, तेच तिच्या केंद्रात एका पोलादी पात्रात घडवायचं होतं. हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत विलीन करायची आणि त्या उष्णतेवर वीज करायची. धूर नाही, राख नाही. तो धगधगता वायू पात्राच्या भिंतींपासून दूर धरणाऱ्या चुंबकांचं काम तिच्याकडे होतं. चाचण्या सगळ्या सुरळीत झाल्या होत्या. आता शहराला वीज द्यायची तेवढी बाकी होती.

आईची हयात कोळशाच्या वीजकेंद्रात गेली; आताचे केंद्रप्रमुखही तिथे तिच्याच हाताखाली शिकले होते. तिथली धूळच फुप्फुसाला भोवली, असं डॉक्टर म्हणत. लेकीच्या कामाची मात्र आई मनसोक्त थट्टा करायची. "तुमच्या विजेचं लग्न ठरलंय खरं, मुहूर्त तेवढा सापडत नाही."

दुपार सरता सरेना. डोक्यावरच्या दिव्याकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. तो निमूट जळत होता.

अखेर सर्जनबाई बाहेर आल्या. "गाठ पूर्ण निघाली. आता घोर नाही." भावानं तोंड फिरवून डोळे पुसले.

आई शुद्धीवर आली तेव्हा लेकीनं तिच्या कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवला.

"मध्येच लाइट गेली नाही ना?" आई पुटपुटली.

"नाही गं. जुन्या केंद्राचीच वीज होती. आमची जोडणी मी उद्यावर ढकलायला लावली."

आईच्या ओठांच्या कडा हलल्या. "आत नेण्याआधी तुझ्या साहेबांचा मला फोन आला होता. काय करू, म्हणत होते."

"मग?"

"मी म्हटलं, जोडा."