माशीची काठी

"साडेचारशे ग्रॅम!" केसरीनाथने सुताच्या काट्यावरून प्रभाकरची काठी उचलली आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. "तांदूळ मोजून घेतला, दोघांत येकच टोप घेतला, टूथब्रशचा दांडा पण कापला. आन् तू हे लचांड घेऊन चाललास?"

शुक्रवार होता, आठवड्याच्या सुट्टीचा. लूम बंद, त्यामुळे धामणकर नाक्यावरच्या त्या कापडाच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत होतं. केसरीनाथ तिथला मुकादम, मूळचा खाडीकाठच्या अंजूरचा. प्रभाकर शाळेत मास्तर. एका बाकावर बसून शिकलेले हे दोघे गेली सात वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी एक शुक्रवार गाठून डोंगरात जायचे, आणि मास्तर त्यासाठी बिनतक्रार रजा टाकायचा. पाठीवर कमीत कमी ओझं, हा नियम केसरीनाथचा. वर्षागणिक तो अधिकच कडक होत चालला होता.

काठी प्रभाकरच्या मेव्हण्याने विलायतेहून आणलेली. चार तुकडे जोडायचे, टोकाला पिसांची खोटी माशी बांधायची आणि जाड दोर हवेत पुढेमागे झुलवून ती पाण्यावर अलगद टेकवायची. खाडीकाठी वाढलेल्या केसरीनाथला ते सोंग बघूनच हसू यायचं. सात वर्षांत त्या काठीला एक बोटभर मासा लागला नव्हता. दुसरा कोणी असता तर त्याने लाजेने ती चुलीत घातली असती. मास्तर मात्र दर खेपेला ती शांतपणे पाठीवर बांधायचा.

"आज येक तरी मासा लागला पायजे," केसरीनाथ म्हणाला. "न्हायतर पुढच्या खेपंला ही काठी घरी. तुला पटत नसंल तर तू येकटा जा."

"बरं," प्रभाकर म्हणाला आणि काठी पिशवीत सरकवली.

वाड्याला जाणाऱ्या एस.टी.तून उतरून ते ओढ्याच्या कडेने चढू लागले. दिवाळी सरली होती, त्र्याण्णव सालची. पाणी कमी झालं होतं, पण डोह अजून भरलेले होते. पहिली चढण संपता संपता केसरीनाथच्या छातीत शीळ वाजू लागली. वीस वर्षं सुताची धूळ गिळलेली ती छाती. हे त्याने घरी बायकोला, गुणाबाईलाही सांगितलं नव्हतं. दम लागतो म्हटलं की मालक कामावरून काढणार, घरचे कोंडून ठेवणार आणि डोंगर सुटणार. डोंगर सुटला तर आठवड्याचे सहा दिवस त्या धुळीत कशाच्या जोरावर काढायचे?

"थांब, जरा दोर टाकतो," प्रभाकर म्हणाला.

"टाक बाबा, टाक. मासे तुझीच वाट बगतात," असं पुटपुटत केसरीनाथ एका धोंड्यावर पाठ करून बसला. तो नेहमी पाठ करूनच बसायचा. तोंड उघडं टाकून, आवाज न करता, जमेल तेवढी हवा आत ओढायचा. दुसऱ्या चढणीनंतरही तसंच झालं. तिसऱ्या वेळी तो बसला, आणि मागे पाण्यात चुबुक् असा आवाज झाला. चांगला वीतभर मासा असणार. खाडीकाठच्या माणसाला काही राहवेना. तो धापा टाकतच उठला आणि मास्तरच्या हातातली काठी त्याने ओढून घेतली.

"आण इकडं. तुझ्या बापजन्मात जमायचा न्हाय."

त्याने दोर भराभरा जवळ ओढला. टोक हातात आलं. टोकाला नुसती गाठ होती.

"माशी कुठाय?"

"डबीत."

"आन् डबी?"

"घरी. कपाटावर." प्रभाकर ओढ्याकडे बघत म्हणाला. "तिचं सील अजून फोडलेलं नाही."

केसरीनाथ दोराच्या त्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिला. सकाळपासूनच्या तीन जागा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. तिन्ही चढणीच्या माथ्यावर. मधल्या जागी तर घोटासुद्धा बुडेल एवढं पाणी नव्हतं, आणि हा शहाणा तिथे तल्लीन होऊन दोर झुलवत उभा होता.

कारखान्यात कारागिराला दम खायचा असला की तो 'धागा टूट गया' म्हणतो आणि लूम थांबवतो. केसरीनाथ ते सोंग लांबूनच ओळखायचा आणि पोटभर शिव्या द्यायचा. इथे सात वर्षं एक मास्तर त्याच्यासाठी धागा तोडत होता, आणि मुकादमाला पत्ता नव्हता. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली.

"चल, निघू या," प्रभाकर घाईघाईने काठीचे तुकडे सोडवत म्हणाला. "ऊन चढेल उगाच."

केसरीनाथ हलला नाही. तो खाली बसला. या वेळी मास्तरकडे तोंड करून. छातीतली शीळ त्याने वाजू दिली.

"थांब रं जरा," तो म्हणाला. "मना दम लागलाय."

प्रभाकरने त्याच्याकडे पाहिलं. हातातली काठी खाली टाकली, त्याच्या शेजारी धपकन बसकण मारली आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळू लागला.

"सुटलो बाबा," तो म्हणाला. "सात वर्षांत चढणीवर मी आज पहिल्यांदा बसतोय."