उपाशी मशीनला ओवाळायचं नाही

दसऱ्याला उपाशी मशीनला ओवाळायचं नाही, असं आमच्या गव्हाणच्या जेट्टीवर सगळेच मानतात. म्हणून माझ्या मालकांनी, कमळाकरांनी, होडीच्या मशीनला झेंडूचा हार घातला आणि तिथेच होडीत बसून तिची टाकी भरायला घेतली. नरसाळ्याला फडकं लावलेलं, कॅन पोटाशी धरलेला, जणू तान्ह्या बाळाला दूध पाजतायत. झाकण लावून ते म्हणाले, “बघ रंभे, येक थेंब सांडला नाय!” खरंच सांडला नव्हता. मी पेटल्या निरांजनाचं ताट घेऊन होडीत उतरले आणि मशीनला ओवाळायला वाकले. तेवढ्यात होडीच्या तळाशी, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे हवाच निळी होऊन पेटली आणि भप्पकन विझली. हार काळा पडला. माझ्या भुवया करपल्याचा वास आला. मालक होडीच्या काठावरून मागच्या मागे चिखलात पडले होते, हातातलं नरसाळं तसंच. “थेंब नाय सांडला गं,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “येक थेंब नाय!” थेंब नव्हताच सांडला, पण टाकी भरताना निघालेली पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचली होती आणि मी तिच्यावरच दिवा धरला होता. मी मान वर केली. जेट्टीला लागलेल्या प्रत्येक होडीत कोणी ना कोणी टाकीचं झाकण लावत होतं, आणि हळदीकुंकवाच्या बोटांनी ज्योत वाऱ्यापासून जपत एकेक बाई खाली उतरत होती.