एका हाताने उचलायचा पिंपळ

झाड लावायला येणाऱ्या साहेबांनी अजून भिगवणसुद्धा ओलांडलं नव्हतं आणि पिंपळ पहाटेपासून मुळासकट खणून काढून ठेवला होता.

शेळगावच्या विहारापुढे, मांडवाबाहेर, नव्या खड्ड्याच्या काठाला कमरेएवढं ते झाड आडवं ठेवलं होतं. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात सुतळीने बांधलेला. केसरबाई सारख्या उठत आणि गोणपाटावर तांब्याभर पाणी ओतत. ते बघता बघता वाळून जाई. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, आणि इंदापूरचं वैशाखातलं ऊन कुणाचा सण बघत नाही.

झाड त्यांच्या मालकांनी, कचरूआबांनी, घरच्या अंगणात लावलं होतं. मोठं झालं की विहारापुढं न्या, एवढंच ते जाताना सांगून गेले होते.

"आषाढ पौर्णिमा काय पळून चालली व्हती?" केसरबाई मुलाला म्हणाल्या. "वर्षावास सुरू हुतो, वर पाऊस आस्तो. ती बी आपलीच पौर्णिमा हाय."

"आषाढात साहेबांची तारीख न्हाय, आई," सुयश म्हणाला. कार्यक्रम त्यानेच ठरवला होता.

निमगाव केतकीत त्याची रोपवाटिका होती. उन्हाळ्यात कुणी आंब्याचं रोप मागायला आलं तर पाऊस पडल्यावर या म्हणून तो परत पाठवायचा. हातचं गिऱ्हाईक घालवणारा खुळा म्हणून लोक त्याला हसायचे. तोच आज पहाटे कुदळ घेऊन अंगणात उभा राहिला. साहेब सकाळी सातला येणार, ऊन तापायच्या आत लावून मोकळं होऊ, असा त्याचा हिशेब होता. साहेब जेवण उरकून अडीचला आले.

गाडीतून आधी त्यांचा माणूस उतरला, राजवर्धन. त्याने खड्डा बघितला, फोटोवाला कुठं उभा राहील ते बघितलं आणि पिंपळाला हात घातला. दोन्ही हातांनीही त्याला तो नीट उचलेना.

"लईच जड हाय हे. ती माती झाडून टाका. साहेबांना एका हातानं उचलता आलं पायजे, दुसऱ्या हातात झारी आस्ती."

सुयशने कोयता मागितला आणि सुतळीवर ठेवला.

केसरबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. राजवर्धनचं सोडा, त्याला पिंपळ काय आणि कोथिंबिरीची जुडी काय. पण हा?

"सुयश, गड्डा फोडल्यावर काय हुतं?"

त्याने कोयता सुतळीवर तसाच धरून ठेवला.

"गिऱ्हाइकाला सांगतोस न्हवं? चारचौघांत हितं सांग."

"जळतं," तो हळूच म्हणाला. "पण माणसं खोळंबल्यात, आई. हे गेलं तर मी दुसरं आणतो. ह्याच्यापेक्षा मोठं."

"मग बाप बी दुसरा आण."

त्या उठल्या. त्याचा कोयता बाजूला सारून त्यांनी जवळ पडलेलं घमेलं ओढलं. "अंजली, हात दे गं."

अंजली त्यांची सून. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघींनी गड्डा घमेल्यात ठेवला, दोन बाजूंनी धरला आणि भर मांडवातून वाट काढत निघाल्या.

"अवो मावशी, कार्यक्रम हाय!" राजवर्धन मागं धावला.

"करा की. तुमच्या कार्यक्रमाला झाड कुठं लागतंय?"

आणि खरंच लागलं नाही. राजवर्धनने स्वागताच्या कमानीवरची अशोकाची फांदी मोडून खड्ड्यात खोचली. साहेबांनी ती एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने झारी वाकडी केली. फोटो निघाला. टाळ्याही वाजल्या, कारण टाळ्या वाजवायला माणसं सकाळपासून बसली होती.

सुयश घरी पोचला तेव्हा पिंपळ अंगणातल्या जुन्या खड्ड्यात परत उभा होता आणि केसरबाई पायाने माती दाबत होत्या. तिकडे भोंग्यावर आभाराच्या भाषणासाठी त्याचं नाव पुकारत होते.

"आई, चुकलं माझं..."

"बोलू नगं." भिजवलेलं गोणपाट त्यांनी त्याच्या अंगावर फेकलं. "वर धर, झाडावर सावली पडंल आसं. ऊन कलस्तवर हात खाली आलं तर बघ."

त्याने दोन्ही हात वर करून गोणपाट धरलं. गढूळ पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरून गळायला लागलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, ओठ सुकले होते. ते बघून अंजली घरातून त्याला प्यायला तांब्याभर पाणी घेऊन आली.

केसरबाईंनी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि झाडाच्या बुडात ओतला.