कानामागचं मीठ

या, असे पुढे सरका. पाय जरा आवरून घ्या, मागच्यांनाही जागा होऊ द्या. एवढीशी गोष्ट आहे, पण हळू आवाजात सांगायची आहे, म्हणून जवळ बोलावलं.

नळाला पाणी नव्हतं. टिटवीने तोटी इकडे फिरवली, तिकडे फिरवली, खालून फुंकर मारली. नळ खाकरला आणि गप्प झाला.

तिच्यामागे सात पोरं उभी होती, समुद्रातून नुकतीच आलेली, पायांना वाळू चिकटलेली. सुट्टी लागल्यापासूनचा नेम ठरलेला. दिवसभर मोडक्या धक्क्यावरून उड्या मारायच्या, ऊन कललं की गल्लीच्या तोंडाशी पळत यायचं, नळाखाली अंग धुवायचं आणि साळसूद चेहऱ्याने घरी जायचं. ओलं अंग घरोघरी चालायचं. उन्हाळ्यात पोरं नळाखाली भिजणारच. पण टिटवीची आई पक्की. ती लेकीचं मनगट धरून जीभ लावून बघायची, भाजीतलं मीठ बघावं तशी.

सकाळीच तिने बजावलं होतं, "तेरावं लागलंय तुला. आज मीठ लागलं, तर उद्यापासून ताईबरोबर शर्टांच्या कारखान्यात. बटणं लाव."

ही नुसती धमकी नव्हती. ताईची सुट्टी गेल्या वर्षी अशीच संपली होती.

"गेली टिटवी कामाला," लंबू म्हणाला. "माझ्या शर्टाची दोन बटणं तुटलीयत, तेवढी लावून आण."

"आधी तुझं तोंड शिवते."

पोरं हसली. टिटवीला हसू येईना. सूर्य घरांच्या मागे गेला होता, आणि आई उशीर झाला की दारात येऊन उभी राहायची. कोपऱ्यावर बर्फवाला गाडीवर गोणपाट टाकत होता. ती धावत गेली.

"काका, एक तुकडा द्या ना."

"चोखायला?"

"अंग धुवायला."

बर्फवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्यापाशी पांढरं वाळलेलं पाहिलं. काही न विचारता त्याने मुठीएवढा तुकडा फोडून तिच्या हातावर ठेवला.

टिटवी पळत होती आणि बर्फ घासत होती. मनगटं, कोपर, गळा, पुन्हा मनगटं. देवाने समुद्र खारट केला तो काही लेकरांना पकडून द्यायला नव्हे, पण त्या घडीला तिला तसंच वाटत होतं. जिना चढेपर्यंत हातात नुसतं पाणी उरलं.

खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती. गालाला फडकं बांधलेलं, गाल सुजून लाल. दाढ सकाळपासून ठणकत होती आणि आता तोंडही उघडेना. टिटवीला वाटलं, देव पावला.

"नळाखाली भिजलो गं," ती म्हणाली.

आईने हात उचलून थोरलीकडे बोट केलं. दातांतूनच म्हणाली, "ताई, तू बघ."

ताई आत्ताच कामावरून आली होती. पायातली चप्पलही काढली नव्हती. तिच्या बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक ठिपके होते. सकाळी डबा भरताना ती आईला म्हणाली होती, "मी एकटीनेच का जायचं? हिला काय सोनं लागलंय?" टिटवीने अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकलं होतं.

टिटवीने मनगट पुढे केलं. ताईने ते बाजूला सारलं.

"हात सगळेच धुतात," ती म्हणाली.

तिने टिटवीची हनुवटी धरून मान वळवली, केस वर केले आणि कानामागे वाकली. तिथे बर्फ पोचला नव्हता. तिथे कुणाचंच पाणी पोचत नाही, आणि हे धक्क्यावरून उड्या मारलेल्यालाच ठाऊक असतं.

आईचं हे काम चुटकीसरशी व्हायचं. ताई हलेना. टिटवी डोळे घट्ट मिटून उभी राहिली.

"काय गं?" आईने विचारलं.

"काही नाही. नळाचंच पाणी आहे."

आईने धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. तिला आणखी काही विचारायचं असावं, पण दाढेने कळ मारली आणि तिने गाल दाबून डोळे मिटले.

ताईचं तोंड अजून टिटवीच्या कानाशीच होतं.

"धक्क्याच्या टोकाला खाली अजून गार असतं का गं?"

"असतं."

"तळाला हात लागला?"

"नाही. दम पुरत नाही."

"पुरतो. तू वर यायची घाई करतेस. घाबरायला झालं ना, की आणखी दोन हात मारायचे."

मग ताई सरळ उभी राहिली, चप्पल काढली आणि आईसाठी मिठाचं पाणी गरम करायला ठेवलं.

चला, उठा आता. पण देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागून होईल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या थोरलीची आठवण करा. तिच्या कारखान्याला समुद्राच्या बाजूने खिडकी नाही.