आधी घट्ट

पुराचं पाणी वेलचेरीतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हापासून रंजनीची जुनी मोटरसायकल बंद होती. आज ती इंजिन उघडायला बसली, तर गंजलेला स्टड, म्हणजे इंजिन आवळून धरणारा आट्यांचा दांडा, जागचा हलेना.

रडणाऱ्या तान्ह्या लेकीला, पाप्पाला, घेऊन तिचा नवरा मालोजी खाली आला. "अय्यो, सोड की गं! उद्या भंगारवाला येतोय. आई झालीस, आता गाडी कशाला हवी?"

"मला न विचारता माझी गाडी भंगारात?" रंजनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागात हिसका दिला तर स्टड तुटतो. तिनं दात आवळून तो तापवला आणि पाना उलटा फिरवला.

"घट्ट कशाला करतेस? काढायचाय ना?"

"अडकलेला आधी जरा घट्ट करायचा, मग सुटतो." कर्रकन आवाज झाला आणि स्टड फिरला.

"तुझ्या गाडीपायी पाप्पा केव्हाची रडतेय. माझ्याकडे राहतच नाही ती."

रंजनीनं वर पाहिलं. मालोजीनं लेकीला गरम पातेल्यासारखं अंगापासून लांब धरलं होतं.

"भंगारवाल्याला नको म्हणून कळवा," दुसऱ्या स्टडला पाना लावत ती म्हणाली. "आणि तिलाही आधी घट्ट धरा."