दर गुरुवारी दहा मिनिटं

"गॅस नावालाही उरला नाही, साहेब," मीटरची नळी काढत भैय्यालाल म्हणाला. "किती दिवस लावला नाही एसी?"

यशवंतराव ढोमणे उघड्या बॉनेटजवळ उभे होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"उद्या दुपारपर्यंत व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "मंजिरी येऊन राहिली. तीन महिन्यांचं लेकरू घेऊन."

लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आता तरी तो एसी दुरुस्त करून घ्या. रायपूरच्या मे महिन्यात मी बाळाला तुमच्या भट्टीत नाही बसवणार." यशवंतराव 'हव' म्हणाले होते. तो एसी बिघडलेलाच नाही, हे ते तिला सांगू शकले नव्हते. कुणालाच सांगू शकले नव्हते. पण आज सकाळी बटन दाबून पाहिलं, तर गरम हवाच आली.

राज्य नवं झालं आणि यशवंतराव भोपाळहून बदली होऊन रायपूरला आले. पाच वर्षांनी गाडी घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात एसी बंद पडला. पंधरा दिवस तसेच गेले. मग गल्लीच्या तोंडावरच्या भैय्यालालनं एक फ्यूज बदलला आणि गार हवा सुरू झाली. पण त्या पंधरा दिवसांत पेट्रोलची टाकी नेहमीपेक्षा जास्त चालली, हे यशवंतरावांच्या लक्षात आलं होतं. घरी ते काहीच बोलले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता सांगण्याची वेळ निघून गेली.

बायकोनं, सुशीलाबाईंनी, एकदाच विचारलं, "काहून हो, दुरुस्त नाही होत का तो?"

"पार्टच नाही मिळत," यशवंतराव म्हणाले.

सुशीलाबाईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दर रविवारी संध्याकाळी दोघं फिरायला निघत. चारी काचा खाली. तेलीबांध्याचा तलाव मागे टाकून नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागत. तेव्हा तिकडे काहीच नव्हतं. लाल मुरूम, आखणीच्या खुंट्या आणि कुठेतरी एकटा उभा रोडरोलर. मोकळ्या माळाकडे बोट दाखवून यशवंतराव सांगत, इथं मंत्रालय होणार, इथं तळं, इथं आमचे साहेब बसणार. वाऱ्यामुळे ओरडूनच सांगावं लागे. मग हिंगणघाटची शाळा निघे, वेणा नदीचा पूर निघे, भोपाळच्या ऑफिसातल्या भानगडी निघत. मानेवर ओला रुमाल ठेवून सुशीलाबाई हसत आणि म्हणत, "जोरानं सांगा, ऐकू नाही आलं!" परत येईपर्यंत दोघांचे केस धुळीनं तांबडे झालेले असत.

त्या रस्त्याला आता दिवे आले, दुभाजकात फुलझाडं आली. सुशीलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. यशवंतराव अजूनही काचा खाली करूनच गाडी चालवत. शेवटच्या उन्हाळ्यात तिला फार घाम यायचा, पदरानं वारा घेत बसायची. तेव्हाही आपण हात पुढे करून ते बटन दाबलं नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मग आता एकट्यासाठी गार हवा कशाला?

"सील वाळलं आहे पुरतं," बॅटरीच्या उजेडात वाकून बघत भैय्यालाल म्हणाला. तो मूळचा गोंदियाकडचा. "एसी चालवला नाही की आतलं तेल फिरत नाही. सील वाळते, मग गॅस निघून जाते. दीड-दोन वर्षं बंद राहिला दिसते."

यशवंतरावांना एकाएकी ते ओझं नकोसं झालं.

"दोन नाही, भैय्यालाल. अकरा वर्षं. तू फ्यूज बदलून दिला, त्यानंतर आज सकाळपर्यंत मी एकदाही लावला नाही."

भैय्यालाल सरळ झाला. फडक्याला हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिला.

"असं असतं तर हा केव्हाचाच गेला असता, साहेब. दरसाल सर्व्हिसिंगले पाहत होतो ना मी. एकदम फस्ट क्लास राहत होता. वहिनी चालवत होत्या ना."

"कोण?"

"वहिनी. तुम्ही स्कूटरनं ऑफिसले गेले की दर गुरुवारी दुपारी. अंगणातच गाडी चालू करून दहा मिनिटं एसी लावून बसत. मीच शिकवलं होतं."

यशवंतराव बाजूच्या स्टुलावर बसले. गाडी ॲव्हरेज कमी देते, अशी तक्रार ते याच माणसाकडे वर्षानुवर्षं करत आले होते. भैय्यालाल नुसता मान डोलवायचा.

"म्हणजे तिला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षापासून. पार्ट आला का, म्हणून विचाराले आल्या होत्या. मी म्हणलो, कोणता पार्ट? तो तर चालू आहे. तर अशा हसल्या, साहेब! मग म्हणे, न लावता ठेवला तर बिघडणार तर नाही? पुढं पोरीचं लेकरूबिकरू आलं तर लागंल. मी म्हणलो, हप्त्यातून दहा मिनिटं चालवत जा."

गॅरेजच्या पत्र्यावर ऊन कडकडत होतं. यशवंतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"मग मले काहून नाही सांगितलं तिनं? इतकी वर्षं गरमीत बसली माझ्यासोबत."

"मीबी हेच विचारलं होतं एकदा." भैय्यालालनं नजर खाली घातली. "तर म्हणाल्या, राहू द्या, भैय्या. घरात हा माणूस दिवसाचे चार शब्द बोलत नाही. काचा उघड्या असल्या की रस्ताभर बोलते."