आडोशाला

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यांच्याच कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या पेशींचे पोषक जेलीत इवले गोळे वाढले होते. काल त्यांवर नवं औषध घातलं होतं. “कडेच्या सगळ्या लाल! म्हणजे मेल्याच की!” बाई हरखल्या. “मग हे औषध मला लागू पडेल?” शेजारी उभ्या संशोधिकेने फोकसची चक्री फिरवली. गोळ्याच्या पोटात हिरव्या ठिपक्यांचा पुंजका चमकला. “हिरव्या म्हणजे जिवंत, बाई. औषध आतपर्यंत पोचलंच नाही. दुसरं शोधू आपण.” बाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. “मेलेल्यांच्या आडोशाला बसल्यात. हुशार आहेत. माझ्याच ना!” संशोधिकेने काचपात्र उचलायला हात पुढे केला. बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि हळुवार आवाजात विचारलं, “आज यांना खायला घातलंस का गं?”